शून्य लिहायचं नाही

१

दोष बाबलीकाकाचा. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण आमच्या वाडीत ही हकिकत कुणीही सांगायला बसलं की पहिली दहा मिनिटं देवाची इच्छा आणि नर्मदेचं नशीब यातच जातात. बाबलीकाकाचं नाव येतच नाही. मोठ्या माणसांची नावं आमच्याकडे लग्नपत्रिकेत छापतात, गुन्ह्यात घेत नाहीत.

बाबलीकाका म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. मुंबईला गोदीत तीस वर्षं काढून पेन्शनीत गावी आला आणि आल्या दिवसापासून घरातल्या सगळ्या खुर्च्या त्याच्या झाल्या. नर्मदा माझी आई. मी दीपेश. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून परत आलेला. त्यामुळे घरात माझ्या शब्दाला किती वजन असेल ते समजून घ्या.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेला गावोगावी पाऊस मोजणारी माणसं हवी होती. पगार नाही. एक पारदर्शक प्लास्टिकचा नळा, त्यावर चार इंची तोंडाचं नरसाळं आणि मोबाइलवर एक ॲप. रोज सकाळी साडेआठला नळ्यात किती मिलिमीटर पाणी आहे ते वाचायचं, फोटो काढायचा, पाठवायचं आणि पाणी ओतून टाकायचं. आमच्या बाजाराच्या गावी, कट्ट्याला, त्याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण होतं. मी गेलो, कारण घरात बसवत नव्हतं. आई आली, कारण तिला बाजार करायचा होता. परत येताना नळा माझ्या हातात होता, पण काम तिने घेतलं होतं.

प्रशिक्षणाला तेजस्वी मॅडम होत्या, माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठ्या. त्यांनी एक गोष्ट तीनदा सांगितली. "पाऊस नसेल त्या दिवशी शून्य भरा. शून्य हीसुद्धा नोंद आहे. रिकामं सोडलंत तर आम्हाला कळत नाही, पाऊस नव्हता की माणूस नव्हता."

आईने ते वहीत लिहून घेतलं. सातवी शिकलेली बाई. शेवटचं कधी काही लिहून घेतलं होतं, देव जाणे.

२

नळा सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, उघड्या जागी लावायचा होता. काका म्हणाला, "घराची वस्तू घरात." म्हणून खांब खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात रोवला, त्याच्या आरामखुर्चीसमोर.

तो पावसाळा आईचा होता. सव्वाआठला पेज चुलीवरून उतरायची, साडेआठला ती पदराला हात पुसून मोबाइल घ्यायची. खाली वाकून, एक डोळा बारीक करून नळ्यावरच्या रेघा वाचायची. नोंद गेली की नकाशावर आमच्या वाडीच्या जागी निळा ठिपका उमटायचा आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव यायचं. तिचं नाव. रेशनकार्डावर ती कुणाची तरी बायको होती, सातबाऱ्यावर कुठेच नव्हती. इथे होती.

पाऊस संपला आणि भानगड सुरू झाली. ॲप पहिला प्रश्न विचारायचं, पाऊस पडला का? आई मोठ्याने वाचून मोठ्याने उत्तर द्यायची, शाळेतल्यासारखं. नाही. मग आकडा. शून्य.

चौथ्या की पाचव्या दिवशी खुर्चीतला आवाज मला अंथरुणात ऐकू आला.

"ह्या काय गो लावलंस नर्मदा सकाळच्या पारी? नाय, शून्य, नाय, शून्य!"

"ॲप इचारता भावजी, पावस पडलो काय म्हणान."

"मगे? भरल्या घरात दिवस उगवताना 'नाय' म्हणूचां? तांदूळ संपले तरी आमी 'वाढले' म्हणतव. दिवो इझयलो तरी 'वाढवलो' म्हणतव. आणि तू रोज उठान घराच्या नावार शून्य लिवतंस?"

हे तोंड मला माहीत होतं. बाबा गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. माजघरात बायकांनी आईच्या बांगड्या दगडावर फोडल्या. मी "फोडू नका" म्हणून ओरडलो, तर ह्याच माणसाने माझ्या थोबाडीत दिली होती. मारलं बांगड्या वाचवायला गेलो म्हणून नाही. 'फोडू' म्हणालो म्हणून. 'वाढवल्या' म्हणायचं असतं.

आईने त्याच्यापुढे कधी मान वर केली नाही. तिने तडजोड शोधली. लग्नाच्या पाकिटात शगुनाचा एक रुपया वर घालतात ना, तसं. प्रश्नाला 'हो' आणि आकडा एक दशांश. ॲप ह्याहून कमी घेतच नव्हतं. ओतायला काही नसायचंच. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, कोरड्या ठणठणीत नळ्यासमोर उभी राहून माझी आई रोज सकाळी लिहीत होती की पाऊस पडला.

मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा उठायचोच दहाला.

३

मार्चच्या मध्यावर तेजस्वी मॅडमचा फोन आला.

"दीपेश, तुमच्या केंद्रावर काय चाललंय? अख्खा जिल्हा कोरडा आहे आणि तुमचा एकच ठिपका निळा. चार महिने, रोज एक दशांश. फोटोतला नळा तर रिकामा दिसतोय."

मी नकाशा उघडला. खारेपाटणपासून खाली सगळे करडे ठिपके. मधे आमचा निळा, डास चावल्यावर गांधी उठते तसा.

आईला विचारलं तर तिने काकाच्या खुर्चीकडे पाहिलं. मी तिथे गेलो.

"काका, आयेक रोज खोटां लिवूक तुमी सांगल्यात?"

"खोटां कसला रे? एक दशांश! डोळ्याक दिसणा नाय तेवढा."

"दिसणा नाय म्हणजे नाय!"

"परत 'नाय'! शिरा पडो तुझ्या तोंडार. शिक्षाण सोडून इलंस तां इलंस, वर माका गणित शिकवतंस?"

"पुण्याक लोक ह्येच्यावर अभ्यास करतत काका. उद्या आपल्या नोंदी कचऱ्यात टाकतले."

"टाकूंदेत. पुण्याक काय पावस पडता? पडता ती पिचकारी. घर माझा, खळा माझा, हय शून्य लिवूचां नाय."

आई मधे आली. माझ्याकडे पाठ, त्याच्याकडे तोंड. "भावजी, फाल्यापासून मी मनातल्या मनात वाचतंय. मोठ्यान म्हणणंय नाय." आणि मग मला हळूच, "उद्या खरां लिवतंय. गप ऱ्हव."

दुसऱ्या दिवशी मी साडेआठच्या आधी उठलो. आई खांबाशी वाकलेली होती. वाकून बराच वेळ झाला होता.

"दीपू, हय ये रे." तिचा आवाज खाली गेला होता. "पाणी आसा."

नळ्याच्या तळाशी नखाएवढं पाणी होतं. पहिल्या रेघेला बरोब्बर टेकलेलं. एक दशांश.

४

"दंव असतला," मी म्हटलं.

"शिमग्यात?"

मी नळा उलटा केला, फडक्याने पुसला, उन्हात वाळवला, परत लावला. आईने त्या दिवशी खरं तेच लिहिलं, एक दशांश. दुसऱ्या दिवशी दोन दशांश. मग चार. मग एक मिलिमीटर.

माझा संशय कुणावर होता ते सांगायला नको. आठ दिवस मी काकाच्या मागे मागे होतो. तो आंघोळीला गेला की तांबे मोजायचो. त्याने एकदाही खांबाला हात लावला नाही. उलट रोज सकाळी चष्मा लावून नळ्यात बघायचा आणि "वाढलां, वाढलां" म्हणत खुर्चीत बसायचा. जिंकलेल्या माणसासारखा.

मग मी नरसाळ्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावली. वरून प्लास्टिकची पिशवी घातली आणि सुतळीने गच्च बांधली. सकाळी गाठ तशीच, पट्टी तशीच, पिशवी बाहेरून आतून कोरडी. नळ्यात सात मिलिमीटर.

प्लास्टिकला बारीक तडा असेल. हवेतली वाफ थंड होऊन आत उतरत असेल. मी कॉलेज सोडलं असलं तरी अक्कल सोडली नव्हती. कागदावर चारपाच कारणं लिहिली आणि एकेक खोडत गेलो. खोडून झाल्यावर कागदावर काहीच उरलं नाही, म्हणून मी कागद फाडला.

एक मात्र लक्षात आलं होतं. ते मी कागदावर लिहिलं नव्हतं. पाणी कोमट होतं. सकाळच्या गारव्यात, उघड्यावर राहिलेलं पाणी, आणि नळा हातात धरला की मनगट धरल्यासारखं वाटायचं.

नियमाप्रमाणे मी ते जास्वंदीच्या मुळात ओतायचो.

५

आई सुईत दोरा ओवत होती. दोऱ्याचं टोक जिभेवर फिरवलं, ओवायला गेली, टोक पिंजलेलंच. परत जिभेवर. परत पिंजलेलं.

"दीपू, जरा ओवन दी रे. तोंडाक पाणीच सुटणा नाय."

एप्रिल लागला होता. काका उघडाबंब बसून पंच्याने पाठ पुसायचा, माझा शर्ट पाठीला चिकटायचा. आई दोन तास चुलीपुढे बसून उठायची आणि तिच्या कपाळावर घामाचा थेंब नसायचा. भाकरीचं पीठ तिच्या बोटांना चिकटेनासं झालं. पाणी ती भरपूर प्यायची. तांबेच्या तांबे. जायचं कुठे कळत नव्हतं.

आवाज तर मला आजही ऐकू येतो. ती चालली की सारवलेल्या जमिनीवर पातेऱ्यावरून, वाळक्या पानांवरून काहीतरी सरकल्यासारखा आवाज व्हायचा. आधी वाटलं साडीला खळ जास्त झाली असेल. मग ती एकदा न्हाणीतून नुसत्या जुन्या मऊ लुगड्यात आली, तरी तो आवाज होता.

त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. "सॉरी दीपेश. तुमचं केंद्र आम्ही नकाशावरून काढलंय. उपकरण सदोष आहे किंवा कुणीतरी खेळतंय." आईने नकाशा उघडून बघितला. आमच्या वाडीच्या जागी काही नव्हतं. ती ओट्यावर बसून रडली. खांदे हलत होते, तोंड वेडंवाकडं झालं होतं, हुंदक्यांचा आवाजही येत होता. डोळे कोरडे. तिने सवयीने पदर डोळ्यांना लावला, आणि मग पदराकडे बघत राहिली.

त्यानंतरही ती रोज साडेआठला खांबाकडे जायची. सांगितलं तरी ऐकायची नाही. म्हणायची, "दिसणा नाय म्हणान काय झाला? पाणी तर आसा मां."

६

डॉक्टरकडे न्यायलाही आठ दिवस भांडावं लागलं. "उन्हाळो सगळ्यांकाच बाधता. नाचण्याचा आंबील दी," हा काकाचा निकाल. शेवटी मी तिला मोटारसायकलवर मागे बसवून कट्ट्याला नेलं. मागे कुणी बसलंय असं गाडीला वाटतच नव्हतं.

डॉक्टरांनी हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "शरीरातलं पाणी फार कमी झालंय. जुलाब? उलट्या? काही नाही?" त्यांनी दोन बाटल्या सलाईन चढवलं. संध्याकाळी आई बरी दिसत होती. ओठ ओले होते. घरी आल्यावर तिने मला शिव्यासुद्धा घातल्या, मी धुळीच्या चपला आत आणल्या म्हणून.

सकाळी नळ्यात एकशे तेवीस मिलिमीटर.

मी ओट्यावर बसलो. दोन बाटल्या म्हणजे एक लिटर. चार इंची तोंड, म्हणजे एका मिलिमीटरला आठ मिलिलिटर आणि वर थोडं. एकशे तेवीस गुणिले आठ पूर्णांक एक. मोबाइलवर केलं, परत हाताने केलं. एक लिटर.

मग मी आईची वही काढली. पुण्याने नकाशावरून काढलं तरी ती वहीत रोज लिहीत होती. शिमग्यात नळ्यात पाणी दिसलं त्या दिवसापासून सगळ्या नोंदींची बेरीज केली. आठाने गुणलं. अकरा लिटर. डिसेंबरात आरोग्य शिबिरात तिचं वजन एक्कावन्न भरलं होतं. मी तिला उचलूनच रेशन दुकानात नेलं आणि धान्याच्या काट्यावर उभी केली. चाळीस.

दुकानदार हसून म्हणाला, "काय रे, आवशीक किलोवर इकतंस काय?"

मी ओतलं होतं. महिनाभर, रोज सकाळी, नियमाने, जास्वंदीच्या मुळात, मी.

खांब उपटायला मी कुदळ घेऊन आलो तर काका खुर्चीतून उठून आडवा उभा राहिला. त्याच्या मागे नळ्यावर हळद होती, कुंकू होतं, एक जास्वंदीचं फूल होतं.

"हात लावू नको. वाढता तां हलवू नये."

"काका, ता आयेच्या आंगातला पाणी आसा!"

"तुझ्या डोक्यात उन्हाळो गेलो हा. भर उन्हाळ्यात देव घराक पाणी देता, आणि ह्यो इलो कुदळ घेवन! उद्या इहीर वाढली तर तीसुदा बुजवशीत?"

मी कुदळ उचलली. वाडीतले चार म्हातारे गडग्याच्या दगडी कुंपणापाशी जमले होते. एकाने माझा हात धरला, दुसरा म्हणाला, "मोठ्या माणसार कुदळ उगारतंस?" त्यांतल्या एकानेही आत जाऊन आईकडे बघितलं नाही.

७

खांब हलवता येत नव्हता, पण ओतणं माझ्या हातात होतं. दुसऱ्या दिवसापासून मी ओतलं नाही. काका देवळात गेला की नळा काढायचा, पाणी तांब्याच्या कळशीत घ्यायचं, नळा परत लावायचा. कळशी आईच्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी ठेवायची, वर ताटली झाकून. आई दिवसभर प्यायची ते सगळं सकाळी नळ्यात उतरलेलं असायचं, आणि चार दिवसांत कळशीत आठ लिटर जमलं.

खोलीला एकच खिडकी. दुपारी सगळीकडे शांत असायचं आणि मला दोन आवाज ऐकू यायचे. एक आईच्या श्वासाचा, कागद चुरगळल्यासारखा. दुसरा ताटलीचा, अगदी बारीक, धातूवर धातू. मी ताटली काढून बघितलं. आई श्वास आत घ्यायची तेव्हा कळशीतलं पाणी केसभर खाली जायचं. सोडायची तेव्हा वर यायचं.

मी मोजलं. मला मोजण्याशिवाय काही येत नाही. तिचे वीस श्वास, पाण्याचे वीस.

मी वाटी बुडवली आणि तिच्या ओठांना लावली. तिने गिळलं. ओठांवरच्या भेगा माझ्या डोळ्यांदेखत मिटल्या. खालच्या ओठाला रंग आला.

"बरां वाटला," ती म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली. "खंयच्या इहिरीचा रे ह्या? गोडां लागता."

"आपलाच आसा आये."

दर तासाला एक वाटी. त्याहून जास्त तिला गिळवत नव्हतं. साधं पाणी तिच्यात राहत नव्हतं, हे राहत होतं. सकाळची नोंद एकशे दहा, मग एकसष्ट, मग सत्तावीस. पहिल्यांदाच खाली आली. सव्वीस एप्रिलला ती खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, केस विंचरूक व्हये. कळशीत अजून साडेपाच लिटर होतं. अजून चार दिवस. मी हिशेब केला होता. फक्त चार दिवस तेवढं पाणी तिच्याजवळ राहायला हवं होतं.

आणि नळा घराबाहेर जायला हवा होता. मी तेजस्वी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आमचा माणूस उद्या सकाळी कट्ट्याला येतोय. उपकरण त्याच्याकडे द्या, आम्ही तपासतो."

८

सत्तावीसला सकाळी दहाला काका देवळात गेला. मी खांबावरून नळा काढला, कुंकू पुसलं आणि पिशवीत घातला. आईला वाटीभर पाजलं. निघताना काका वाटेतच भेटला. नळा पिशवीत होता, त्याला दिसला नाही.

"काका, एक काम. खोलीत कळशी आसा, तेका हात लावू नका. औषधाचा पाणी आसा. आयेक आकरा वाजता एक वाटी द्या, बस."

"माका शिकव नको. जा."

कट्ट्याला माणूस उशिरा आला. नळा फिरवून फिरवून बघत म्हणाला, "ह्याला तर काहीच झालेलं नाही." मी म्हटलं, "घेऊन जा." मोटारसायकल मी जशी हाणली तशी आयुष्यात हाणली नव्हती. तरी बारा वाजायला आले होते.

काका खुर्चीत होता. रागाने लाल. "खांबार नळो नाय! न इचारता नेलंस? चोरासारखो?"

मी त्याच्याकडे बघत नव्हतो. कळशी तुळशीच्या कट्ट्यावर उपडी घातलेली होती. घासलेली, लखलखीत.

"काका, पाणी?"

"ओतलंय. शिळां पाणी, बुरो धरलेला, आठ आठ दिवस घरात ठेवतत? आणि तुझ्या ॲपाचोच नियम मां, मोजून ओतून टाकूचां? पाळलंय तुझो नियम. आता बोल."

खळ्याच्या मधोमध ओल होती.

साडेपाच लिटर पाणी सपाट जमिनीवर ओतलं तर ते पसरतं, फाटे फुटतात, उताराकडे पळतं. हे पळालं नव्हतं. ओलीला कड होती. कुशीवर झोपलेल्या माणसाची. गुडघे किंचित दुमडलेले, एक हात गालाखाली. आई तशी झोपते.

वर बाराचं ऊन. ओल पायांकडून आकसायला लागली होती. पावलं माझ्यादेखत गेली. मग पोटऱ्या. मी गुडघ्यांवर पडलो आणि दोन्ही हातांनी तो चिखल ओरबाडून कळशीत भरायला लागलो. नखं उलटली. कळशीत नुसती माती पडत होती, तांबडी, भुसभुशीत, पडता पडता वाळणारी.

शेवटी फक्त चेहरा उरला होता, परातीएवढा. मी त्याच्यावर वाकून सावली धरली. सावली धरली तर वाळणार नाही, असं मला वाटलं होतं. तोंडाच्या जागी ओल हलली. उघडली आणि मिटली, दोनदा. मी कान जमिनीला लावला.

काय ऐकलं ते मी लिहिणार नाही.

खुर्चीतून काका म्हणत होता, "काय करतंस रे तू ह्या? लोक बघतत." म्हणजे त्यालाही काहीतरी दिसलं होतं. नसतं दिसलं, तर तो पाय वर घेऊन, खुर्चीवर उकिडवा कशाला बसला असता?

९

खोलीत मी ओल पूर्ण गेल्यावरच गेलो. आधी जायला हवं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

सर्टिफिकेटवर हृदय बंद पडल्याचं लिहिलंय. डॉक्टरांनी चादर बाजूला केली, दोन मिनिटं बघितलं, परत झाकली आणि मला विचारलं, "कधीपासून अशी पडून होती?" मी म्हटलं, दहाला ती पाणी प्यायली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खांदा द्यायला चौघे आले होते, पण उचलायला दोघे पुरले. जळायला वेळ लागला नाही. त्यावर म्हातारे म्हणाले, पुण्यवान बाई, सुटली लवकर.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. काकाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बघा, कसलीच इच्छा ऱ्हवली नाय तिची." मी उठून त्याच्या अंगावर गेलो. मला धरायला सहा जण आले. तिला एक वाटी पाणी द्यायला सांगितलं होतं, तर एकही माणूस नव्हता.

त्याला मी एकदाच विचारलं. आकरा वाजता वाटी दिली होती काय? तो म्हणाला, "झोपली होती. उठवूक नाय." मग थोड्या वेळाने, मी जायला वळलो तेव्हा, "हाक मारी होती कोणाक तरी. माका वाटला, तुका."

तेजस्वी मॅडमनी नंतर कळवलं की नळा पुण्याला तपासला, व्यवस्थित आहे, आम्हाला परत हवा असल्यास पाठवतील. मी मेसेज पुसून टाकला.

आई सत्तावीस एप्रिलला दुपारी बाराच्या सुमारास मेली. ती सेहेचाळीस वर्षांची होती. आता ह्या घरात मी आणि बाबलीकाका, दोघंच राहतो, आणि त्याचं जेवण मी करतो.